रोजच्या जगण्यातून सुचणं : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

लिहिणारे, चित्रं काढणारे, चाली लावणारे, हातांनी वस्तू घडवणारे लोक भेटले की हेच प्रश्न फिरून फिरून निघतात. उत्तरांत थोडं वाचन आहे, बराचसा अनुभव आहे. काही बाबतींत माझं मत ठाम आहे, ते मी मऊ केलेलं नाही.

माझं आयुष्य अगदी साधं आहे. तेच घर, तेच काम, तीच माणसं. यात सुचण्यासारखं काय असणार?

जॉर्जो मोरांदी (१८९०–१९६४) हा इटालियन चित्रकार जवळजवळ सगळा जन्म बोलोन्या शहरात राहिला. बहिणींबरोबर घर, आणि झोपायची खोली हीच चित्रं काढायची खोली. विषय कोणते? बाटल्या, बरण्या, वाडगे, डबे. त्याच त्या. कधी एक बाटली दोन बोटं पुढे, कधी मागे, कधी दुसरीच्या आड अर्धी लपलेली. त्यांच्यावर बसलेली धूळही तो पुसत नसे. एवढ्याशा सामानावर त्याने अनेक दशकं काढली आणि आज ती चित्रं जगभरच्या संग्रहालयांत आहेत.

बहिणाबाई चौधरींना तर लिहिता-वाचताही येत नव्हतं. हात शेतात नाहीतर घरकामात, आणि तोंडी ओव्या. त्या लिहून ठेवल्या गेल्या म्हणून टिकल्या. पुस्तक निघालं १९५२ साली, त्या गेल्यानंतर. झाडाला लोंबणारा सुगरणीचा खोपा त्यांच्याआधी कितीजणांनी पाहिला असेल!

तेव्हा साधेपणाला दोष देऊ नका. आड येते ती सवय. व्हिक्टर श्क्लोव्स्की या रशियन समीक्षकाने १९१७ मध्ये हेच मांडलं होतं : सवयीची झालेली वस्तू आपण पाहत नाही, नुसती ओळखतो. तुमच्या दाराची कडी उजवीकडे सरकते की डावीकडे? हात लगेच सांगेल. डोळ्यांना विचारावं लागेल.

म्हणजे डोळे उघडे ठेवले की आपोआप सुचतं?

नाही. बहुतेक सल्ले इथेच फसतात. ‘आजूबाजूला पाहा, प्रेरणा सगळीकडे आहे’ असं सांगून मोकळे होतात आणि ऐकणारा बिचारा आठवडाभर झाडांकडे बघत बसतो.

१९४१ मध्ये जॉर्ज द मेस्ट्राल हा स्विस अभियंता कुत्र्याला फिरवून घरी आला. कुत्र्याच्या केसांत आणि स्वतःच्या कपड्यांत काटेरी बोंडं चिकटली होती. त्याने एक बोंड सूक्ष्मदर्शकाखाली धरलं. टोकाशी बारीक आकडे दिसले, जे कपड्याच्या धाग्यांत अडकत होते. त्यातून पुढे वेल्क्रो, म्हणजे दाबली की चिकटणारी आणि ओढली की सुटणारी पट्टी, आलं. गोष्ट इथपर्यंत सगळे सांगतात. पण तसली बोंडं माणसांच्या कपड्यांना पिढ्यान्‌पिढ्या चिकटतच होती की! या माणसाला ती वेगळी दिसली, कारण वस्तू जोडणं, बनवणं, त्यांचं पेटंट घेणं हे त्याच्या डोक्यात आधीपासून चाललेलं होतं. आणि बोंड पाहिल्यापासून पेटंट हाती पडेपर्यंत, म्हणजे १९५५ पर्यंत, मधली वर्षं गेली ते आकडे कापडात विणायचे कसे या खटपटीत.

आंरी प्वांकारे या फ्रेंच गणितज्ञाचंही तसंच. एका सहलीत गाडीच्या पायरीवर पाय ठेवला आणि त्या क्षणी एका अवघड प्रश्नाचं उत्तर लख्ख दिसलं, असं त्याने स्वतः लिहून ठेवलंय. ही पायरी फार प्रसिद्ध झाली. त्याआधी पंधरा दिवस तो रोज टेबलाशी बसून त्याच विषयाशी झटत होता, हे मात्र सांगता सांगता गळून जातं.

माझं म्हणणं एवढंच आहे : हाताशी एखादं अर्धवट काम असू द्या. अडलेली कथा, न जमलेली ओळ, रंग न सापडलेलं चित्र. ते मनात घोळवत बाहेर पडलात तर रस्ता काहीतरी देतो. माझ्या एका कथेतला म्हातारा रागावतो, पण एक शब्द बोलत नाही. तो राग दाखवायचा कसा, यावर कथा कित्येक दिवस अडली होती. एकदा बसथांब्यावर एक गृहस्थ छत्री मिटत होते. एकेक घडी बोटाने दाबून बसवली, बंद गुंडाळला, तो सोडून पुन्हा जास्त घट्ट गुंडाळला. शेजारी उभ्या असलेल्या मुलाकडे एकदाही पाहिलं नाही. मला माझा म्हातारा सापडला. कथा अडलेली नसती तर मला छत्री दिसली असती, बस.

‘नीट पाहणं’ हे नक्की करायचं कसं?

एक जागा निवडा आणि वीस मिनिटांचा गजर लावा. जे दिसतं ते लिहा. पहिली पाच-सात मिनिटं निव्वळ कंटाळ्याची जातात, कारण ठळक गोष्टी लिहून संपलेल्या असतात. त्यानंतर कामाचं दिसायला लागतं, म्हणून पाचव्या मिनिटाला उठायचं नाही.

जॉर्ज पेरेक या फ्रेंच लेखकाने ऑक्टोबर १९७४ मध्ये पॅरिसमधल्या सँ-सुल्पीस चौकात तीन दिवस हाच उद्योग केला. चौकातलं चर्च, पुतळे, कारंजं यांची वर्णनं आधी भरपूर झाली आहेत म्हणून ती त्याने बाजूला ठेवली आणि काहीच घडत नसताना जे घडत असतं ते टिपत राहिला : येणाऱ्या-जाणाऱ्या बस, त्यांचे क्रमांक, कबुतरं, पिशव्या घेतलेले लोक. वाचताना आधी वाटतं, हे काय लिहिणं झालं? मग हळूहळू तो चौक अंगावर यायला लागतो.

एक नियम मी स्वतःला घालून घेतला आहे : टिपणात विशेषण नको. ‘उदास बाई’ असं लिहिलं की पाहणं तिथेच थांबतं, कारण निकाल लागलेला असतो. ‘बाई पिशवीचा बंद बोटाला गुंडाळते, सोडते, परत गुंडाळते’ असं लिहिलं तर ती उदास आहे, की हिशोब करतेय, की कुणाची वाट बघतेय, हे सगळं खुलं राहतं. क्रियापदं टिपा. निकाल नंतर लावता येतो.

चित्र काढता येत नसलं तरी काढा. कपाचा कान कपाला नेमका कुठे जोडलेला असतो, हे पेन्सिल हातात घेईपर्यंत कुणाला माहीत नसतं. ते चित्र कुणाला दाखवायचं नाहीये, त्यामुळे लाजायचं कारण नाही.

कानांचंही असंच. लेओश यानाचेक हा चेक संगीतकार लोकांच्या बोलण्यातले चढउतार स्वरलिपीत उतरवून घ्यायचा. शब्द कोणते यापेक्षा ते कुठे चढले, कुठे पडले याकडे त्याचं लक्ष. वर्षानुवर्षं त्याने हे केलं आणि त्याच्या ऑपेरांतली माणसं गाताना बोलल्यासारखी वाटतात त्यामागे ही टिपणं आहेत. लिहिणाऱ्यांनी हे जरूर करून पाहावं. एकच ‘हो’ माणसं किती तऱ्हांनी म्हणतात ते दिवसभर मोजा. संवाद लिहिताना उपयोगी पडतं.

वही ठेवावी की फोनमध्ये टिपावं?

हाताला जे पटकन सापडेल ते. यावर लोक तासभर वाद घालतात, तेवढ्या वेळात दहा टिपणं होतील.

महत्त्वाचं आहे ते टिपण किती नेमकं आहे. माझ्या एका जुन्या वहीत ‘जिना!! यावर नक्की लिही’ असं दोनदा अधोरेखित केलेलं आहे. कुठला जिना? त्यावर काय झालं होतं? आजतागायत आठवलेलं नाही. मनातल्या उद्‌गारचिन्हांवर विसंबू नका. कोण, कुठे, हात काय करत होते, उजेड कुठून होता, एवढं असलं की सहा महिन्यांनी टिपण उघडल्यावर प्रसंग परत उभा राहतो.

आणि वही सुबक ठेवायच्या फंदात पडू नका. लिओनार्दो दा विंचीच्या वह्यांची सुमारे ७,००० पानं आज उपलब्ध आहेत. त्यांत पाण्याचे भोवरे, यंत्रं, शरीररचना आणि घरखर्चाच्या नोंदी, सगळं एकमेकांत मिसळलेलं आहे.

टिपणांचे ढीग साचलेत, पण त्यातून काहीच होत नाही. मग?

मग तुम्ही ती परत वाचत नसणार. आठ-दहा दिवसांनी एकदा वही मागून पुढे वाचत या. जिथे पेन अडखळेल तिथे खूण करा, बाकीचं सोडून द्या. सोडण्यात वाईट वाटून घेऊ नका. टिपलेलं सगळं वापरायचं असतं असं कुणी सांगितलंय?

दुसरं असं की एकटं टिपण सहसा पांगळं असतं, त्याला जोडीदार लागतो. १९४२ मध्ये पिकासोला भंगाराच्या ढिगात सायकलची सीट आणि गंजलेलं हँडल सापडलं. त्याने दोन्ही एकमेकांना जोडली, आणि समोर बैलाचं मुंडकं तयार. सीट निरखून निरखून बैल दिसला नसता. हँडल शेजारी आलं तेव्हा तो दिसला. वहीतली वेगवेगळ्या महिन्यांतली दोन टिपणं उचला आणि ती एकाच माणसाच्या बाबतीत एकाच दिवशी घडली असं धरून अर्धं पान लिहा. बहुतेक वेळा ओढूनताणून होतं. एखाद्या वेळी मात्र दोन टिपणं अशी बसतात की ती वेगळी होती हेच खरं वाटत नाही.

चालताना, आंघोळ करताना, भांडी घासतानाच नेमकं का सुचतं?

ग्रॅहम वॉलस या इंग्रज अभ्यासकाने १९२६ मध्ये सुचण्याचे चार टप्पे सांगितले. मी त्यांना माझ्या शब्दांत तयारी, मुरणं, उजेड आणि पडताळणी म्हणते. आंघोळीत आपल्याला उजेड दिसतो, म्हणून श्रेय आंघोळीला जातं. खरं काम मुरण्यात झालेलं असतं, आणि मुरायला आत आधी काहीतरी घातलेलं असावं लागतं. म्हणून परत तेच : अर्धवट काम.

चालण्याचा उपयोग मात्र प्रयोगात दिसला आहे. स्टॅनफर्ड विद्यापीठातल्या मॅरिली ओपेझो आणि डॅनियल श्वार्ट्झ यांनी २०१४ मध्ये तो प्रसिद्ध केला. एखाद्या साध्या वस्तूचे निरनिराळे उपयोग सुचवा, अशा कामात बसलेल्यांपेक्षा चालणाऱ्यांची कामगिरी सरासरी ६० टक्क्यांनी सरस होती. गंमत म्हणजे कोऱ्या भिंतीकडे तोंड करून ट्रेडमिलवर चालणाऱ्यांनाही फायदा झाला. म्हणजे निसर्गरम्य वाट नसली तरी चालेल. पण एकच बरोबर उत्तर असलेल्या कोड्यांत चालण्याचा असा फायदा दिसला नाही. तेव्हा कल्पना हव्या असतील तर चाला. हिशोब जुळवायचा असेल तर बसा.

कंटाळ्याचंही महत्त्व आहे. २०१४ मधल्याच एका ब्रिटिश प्रयोगात काही लोकांना आधी फोनच्या डिरेक्टरीतले आकडे उतरवायला किंवा नुसते वाचायला लावलं आणि मग प्लॅस्टिकच्या कपांचे उपयोग सुचवायला सांगितलं. आधी कंटाळलेल्यांना जास्त सुचलं. आपण आज कंटाळा येण्याआधीच त्याला मारतो. रांगेत दोन मिनिटं उभं राहायचं झालं तरी फोन बाहेर. चालताना कानात सतत काहीतरी वाजत ठेवणाऱ्यांशी माझं या एका मुद्द्यावर भांडण आहे. ऐका, पण येताना ऐका; जाताना कान मोकळे ठेवा.

अर्धवट झोपेत सुचलेलं खरंच कामाचं असतं का?

असू शकतं. एडिसन हातात धातूचे गोळे धरून डुलकी घ्यायचा आणि झोप लागून ते खाली पडले की जागा व्हायचा, असं सांगतात. २०२१ मध्ये फ्रेंच संशोधकांनी याच कल्पनेवर प्रयोग बेतला. सहभागी लोकांना गणिताची कोडी दिली होती, आणि त्यांत एक छुपी युक्ती होती. झोपेच्या अगदी पहिल्या पायरीवर किमान १५ सेकंद राहिलेल्यांपैकी ८३ टक्क्यांना ती युक्ती सापडली, जागे राहिलेल्यांपैकी ३० टक्क्यांना. जे गाढ झोपेकडे सरकले त्यांचा फायदा गेला. उशाशी कागद-पेन्सिल ठेवा. सकाळी त्यातलं बरंचसं हास्यास्पद निघेल, पण कागद काही महाग नाही.

नोकरी, घर, मुलं यांतून वेळच उरत नाही. मग हे कधी करायचं?

टिपायला दोन मिनिटं पुरतात, आणि ती बसथांब्यावर, रांगेत, दवाखान्याच्या बाकावर मिळतात. घडवायला मात्र बैठक लागते. ती कुणाच्या तरी वेळेतून काढावी लागते. झोपेच्या, घरच्यांच्या, नाहीतर कामाच्या. यावर गोड बोलणारे सल्ले मला पटत नाहीत. घरात स्पष्ट सांगा की अमुक दिवशी अर्धा तास मी दार लावून बसणार आहे. पहिले काही दिवस दार वाजेल. नंतर वाजायचं थांबतं.

सुचण्यासाठी प्रवास करायलाच हवा का?

जमत असेल तर करा, कोण नको म्हणतंय? नव्या जागी सवय नसते, म्हणून डोळे जागे असतात. पण तीन-चार दिवसांत तिथलीही सवय होते. झाव्हिए द मेस्त्र या तरुण लष्करी अधिकाऱ्याला १७९० मध्ये द्वंद्वयुद्धाच्या शिक्षेपायी तुरीन शहरात ४२ दिवस खोलीत अडकून पडावं लागलं. त्याने त्या खोलीचंच प्रवासवर्णन लिहिलं : पलंग, आरामखुर्ची, भिंतीवरची चित्रं, जणू एकेक प्रांत.

घरच्यांबद्दल, ओळखीच्यांबद्दल लिहिलं तर चालेल का?

या प्रश्नाला माझ्याकडे सोपं उत्तर नाही. रोजच्या जगण्यातून घ्यायचं म्हटलं की माणसं येणारच, आणि ती माणसं काही तुमच्या कामासाठी जगत नसतात.

मी एकदा एका नातेवाईक बाईंची लकब जशीच्या तशी एका कथेतल्या पात्राला दिली. नाव वेगळं, वय वेगळं, गाव वेगळं. त्यांनी ती कथा वाचली आणि एवढंच म्हणाल्या, “मी असं करते होय?” पुढे भेट झाली तेव्हा त्या ती लकब दाबत होत्या. हात उचलायचा आणि मध्येच खाली ठेवायचा. मला ते फार लागलं. ती लकब त्यांची होती आणि मी ती त्यांच्याकडून काढून घेतली होती.

तेव्हापासून मी दोन गोष्टी पाळते. एकाची लकब, दुसऱ्याचा आवाज, तिसऱ्याचा प्रसंग असं मिसळते, म्हणजे कुणालाही आरशात पाहिल्यासारखं होणार नाही. आणि विश्वासाने सांगितलेलं दुःख त्या माणसाला विचारल्याशिवाय वापरत नाही, कितीही चांगलं ‘मटेरियल’ असलं तरी. कुणी रडत असताना तुमच्या मनात वाक्य जुळत असेल तर तो गुन्हा नव्हे, लिहिणाऱ्या बहुतेकांचं तसं होतं. पण त्या वेळी वही काढू नका. अनोळखी माणसांचं कानावर पडलेलं बोलणं टिपायला हरकत नाही; नावगाव, ओळख पटेल असा तपशील मात्र तिथेच सोडून द्यायचा.

दुसऱ्याचं काम पाहून सुचलं तर ती चोरी होते का?

शिकण्यासाठी नक्कल करणं ही चोरी नव्हे, आपलं म्हणून खपवणं ही चोरी. व्हॅन गॉगने १८८७ मध्ये हिरोशिगे या जपानी कलावंताची छापचित्रं तैलरंगात उतरवून काढली, उघडपणे. नक्कल करता करता हात जिथे चुकतो, तिथे तुमचं स्वतःचं काहीतरी असण्याची शक्यता असते.

एकाच विषयावर किती वेळा काम करावं?

तुम्हाला कंटाळा येईपर्यंत, आणि त्यानंतर आणखी दोनदा. मोने या फ्रेंच चित्रकाराने १८९०–९१ मध्ये शेतातल्या गंजी सुमारे २५ वेळा रंगवल्या. गंजी त्याच, उजेड आणि ऋतू निराळे. होकुसाई या जपानी कलावंताने फुजी पर्वताची ३६ दृश्यं काढायला घेतली आणि ती मालिका ४६ वर जाऊन थांबली.

काहीच सुचत नाही असे दिवस आले तर?

येतात. त्या दिवशी हमालीची कामं करा : जुनं टिपण स्वच्छ लिहून काढा, ब्रश धुवा, आवडत्या कामाची नक्कल करा, मागच्या वर्षी सोडलेलं काहीतरी उघडून पाहा. रिकाम्या कागदाशी नजर भिडवून बसण्याने मला तरी कधी काही मिळालेलं नाही. मात्र आठवडेच्या आठवडे कशातच रस वाटत नसेल, झोप-भूक बिघडली असेल, तर त्याला ‘सुचत नाही’ असं नाव देऊन अंगावर काढू नका, डॉक्टरांना भेटा.

मी कलावंत नाही. मला याचा काय उपयोग?

तुम्ही वहीत वेगळी यादी करा : रोज कशाकशाची चिडचिड होते त्याची. न उघडणारं झाकण, दरवेळी चुकीच्या बाजूला उघडणारं दार, सापडत नाही ती पावती. वापरून वापरून माणसं अशा त्रासालाही सरावतात आणि तो दिसेनासा होतो.

आर्ट फ्राय हा थ्रीएम कंपनीतला संशोधक चर्चच्या गायनवृंदात गायचा. गाण्यांच्या पुस्तकात खुणेसाठी घातलेल्या चिठ्ठ्या सारख्या गळून पडायच्या आणि तो वैतागायचा. त्याच कंपनीतल्या स्पेन्सर सिल्व्हरने १९६८ मध्ये एक डिंक तयार केला होता. तो नीट चिकटायचा नाही, सहज सुटून यायचा, आणि त्याचं करायचं काय हे कुणाला कळत नव्हतं. १९७४ मध्ये फ्रायने आपली चिडचिड आणि तो बिनकामाचा डिंक एकत्र आणले. आज आपण पोस्ट-इट म्हणून वापरतो त्या चिठ्ठ्या अमेरिकेत सगळीकडे विकायला आल्या १९८० मध्ये, म्हणजे डिंक तयार झाल्यावर बारा वर्षांनी. तेव्हा जुन्या वह्या रद्दीत घालायची घाई नको.